धम्मदीप कशानं गेला

मूर्तिजापूरच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या पंचफुलाबाईंचा धम्मदीप समुद्रावर नोकरीला लागला, तेव्हा त्याचं काम गल्लीत कुणालाच समजेना. "पानी गाळते माहा पोरगा," एवढंच त्या सांगत.

बंगालच्या उपसागरात जहाजावरून खोल पाणी काढायचं, गाळायचं आणि गाळणकागदावर राहिलेले तरंगते कण द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचे, असं ते काम. फेब्रुवारीत त्याची शवपेटीच घरी आली. संस्थेनं कळवलं, हृदयविकाराचा झटका. त्रिशरण झालं, माणसं पांगली.

पंधरवड्यानं अकोल्याची नीलम आली. ती त्याच जहाजावर संशोधन करत होती.

"काकू, त्याले झटका नव्हता आला. थंड खोलीत नायट्रोजनची टाकी कलंडली. तिथला पंखा बंद होता. मी अन् धम्मदीपनं सांगितलं होतं जहाजावरच्या साहेबाले."

"जहर असते काय थो?"

"नाही. आपल्या हवेत तोच जास्त असते. पण बंद खोलीत सांडला की त्याची वाफ होते, अन् श्वासापुरता प्राणवायू उरत नाही. वास येत नाही. माणसाले समजतच नाही."



"मंग त्या गाळलेल्या कनांत असं काय होतं, की पोरगं त्याच्यापायी गेलं?"

"नायट्रोजन दोन परकारचा असते, काकू, हलका अन् जड. कणांत कोनता किती, ते मोजलं की समुद्रातल्या जीवांच्या खाण्यातला नायट्रोजन हवेतून आला का खालच्या पाण्यातून, ते कळते. माझी पीएचडी त्याच गाळणकागदांवर आहे."

"हे सारं लिहून दे मले."

नीलमनं मान खाली घातली. "लिहिलं तर संस्थेकडून ते कागद मले भेटनार नाहीत."

"मले पोरगा भेटनार हाय काय?"

नीलमनं लिहून दिलं. पंचफुलाबाईंनी ते संस्थेला पाठवलं. चौकशी बसली आणि उठली. अहवालात झटका तसाच राहिला. नमुने दुसऱ्या विद्यार्थ्याकडे गेले, नीलमच्या पीएचडीच्या सरांनी तिचा फोन घेणं सोडलं. आता ती अकोल्याच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवते.

अहवाल कळल्यावर पंचफुलाबाई तिला भेटायला गेल्या.

"तुहं वाटोळं केलं मी, पोरी."

"असं नका म्हनू, काकू," नीलम म्हणाली. पण 'वाटोळं केलं नाही', असं काही तिच्या तोंडून निघालं नाही. चहा झाला. नीलमचा तास होता. पंचफुलाबाई एकट्याच स्टेशनावर गेल्या.