सोडायचा हुकूम

सुचेता मॅडम माणसांना आतून ओळखायच्या, बाहेरून नाही. ज्याच्या छातीचे एक्स-रे त्यांनी चार वेळा वाचलेत तो लिफ्टमध्ये खेटून उभा राहिला तरी त्यांना पत्ता नसायचा. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. मला त्याचा राग यायचा.

मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात त्या रेडिओलॉजिस्ट होत्या आणि मी, ममता, त्यांची टायपिस्ट. अंधारी खोली, भिंतीवर फिल्म लावायचा दिव्याचा डबा. त्या फिल्मकडे बघून बोलायच्या, मी टाइप करायचे. पेशंटशी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. रेडिओलॉजिस्टने फोटो वाचावा, पेशंटला काय ते त्याच्या डॉक्टरने सांगावं.

दोन हजार चारच्या सुमारास माजी सैनिकांच्या उपचाराची सरकारी योजना आमच्याकडे सुरू झाली आणि वसई-विरारपर्यंतचे म्हातारे फौजी यायला लागले. दिलेल्या वेळेच्या आधी हजर, बूट चकचकीत, बाकावरही ताठ. आमच्या बाकीच्या पेशंटांनी त्यांच्याकडून चार गोष्टी शिकायला हव्या होत्या, पण गाढवापुढे वाचली गीता! या फौजींच्या अंगात काय काय निघायचं. कोणाच्या खांद्यात बॉम्बचा तुकडा, कोणाच्या मांडीत गोळीची कपची. मॅडम एकाच सुरात सांगायच्या, "जुना धातूचा तुकडा. पुढचा फोटो लाव." कुठल्या लढाईत लागला, किती दुखलं, विचारायच्या नाहीत.

आधी त्या अशा नव्हत्या. त्यांच्या मिस्टरांचा, जितेंद्रसरांचा, स्कॅन आमच्याच हॉस्पिटलात झाला आणि तो वाचायलाही त्याच बसल्या. दुसऱ्याला बोलवा म्हटलं, ऐकलं नाही. स्वादुपिंडाची गाठ, यकृतात पसरलेली. आवाज जराही हलला नाही. माझीच बोटं चुकीच्या अक्षरांवर पडत होती. त्या रात्री बेव्हर्ली पार्कच्या घरी सरांनी विचारलं, "काय दिसलं गं?" मॅडम म्हणाल्या, "डॉक्टर सांगतील तुला." सरांनी परत कधी विचारलं नाही, आणि तो पावसाळा संपायच्या आत ते गेले. हे मॅडमनी मला एकदा डबा खाता खाता सांगितलं आणि म्हणाल्या, "भाजीत मीठ कमी आहे." कॅन्टीनमध्ये सगळे त्यांना दगड म्हणायचे. मीही म्हणायचे.

मग गुणवंतराव आले. रिटायर्ड हवालदार, मूळचे साताऱ्याकडचे, भाईंदर पश्चिमेला मुलाकडे राहणारे. खोकला जात नव्हता म्हणून छातीचा एक्स-रे. आमचा टेक्निशियन स्टीवन, उत्तनचा. त्याने त्यांना प्लेटला छाती लावून उभं केलं, "सांस लो, रोको," म्हणाला, आणि तेवढ्यात लाइट गेली. स्टीवन मेन स्विच बघायला धावला. परत येतो तर म्हातारा तसाच प्लेटला चिकटलेला, मान ताठ, तोंड जांभळं.

"अरे बाबा, श्वास घ्या! मरायचं हाय का तुमाला?" स्टीवन एवढ्याने ओरडला की मॅडम खोलीतून बाहेर आल्या.

गुणवंतराव धापा टाकत म्हणाले, "रोखायचा हुकूम झाला. सोडायचा कुटं झाला?"

मी हसले. हसायला नको होतं, पण हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. पेशंटचा चेहरा बघताना मी त्यांना कित्येक महिन्यांनी पाहत होते.

एक्स-रेत डाग निघाला, म्हणून स्कॅन झाला. मॅडमनी सांगितलं आणि मी टाइप केलं: उजव्या फुप्फुसात गाठ, यकृतात पसरलेली. खांद्यात जुना धातूचा तुकडा.

त्यांचा मुलगा स्वप्नील भला माणूस. त्याने मोठ्या डॉक्टरांचे पाय धरले, बाबांना काही सांगू नका, ते खचतील. डॉक्टरांनी मान्य केलं. रिपोर्ट मुलाच्या हातात गेला आणि म्हाताऱ्याला सांगितलं की कफ साठलाय, औषधाने सुटेल.

चार दिवसांनी गुणवंतराव एकटेच आले. आमच्या खोलीचं दार कोणी वाजवत नाही, यांनी वाजवलं. आत आले आणि सावधानमध्ये उभे राहिले.

"मॅडमसाहेब, रिपोर्ट पायजे."

"तुमच्या मुलाला दिलाय."

"त्यो कागद झाला. आमच्यात रिपोर्ट समोर हुबं ऱ्हाऊन, तोंडानं देत्यात. फोटू तुमी बघितलाय. तुमीच द्या."

"डॉक्टर सांगतील तुम्हाला," मॅडम म्हणाल्या.

माझे हात की-बोर्डवर थांबले. हेच शब्द त्यांनी घरी वापरले होते. त्यांनाही ते कळलं असावं, कारण हातातली फिल्म त्यांनी खाली ठेवली.

गुणवंतरावच बोलले. त्यांच्या बायकोला, शेवंताबाईंना, पक्षाघात झाला होता. माणसं ओळखत नव्हत्या. नवऱ्यालाही नाव घेऊन ओळखत नव्हत्या, पण त्याचा हात ओळखत होत्या. त्याच हातून जेवायच्या. मुलाने घास पुढे केला की तोंड मिटायच्या, सून हंसाने केला तरी मिटायच्या. एकदा हे दोन दिवस गावी गेले तर त्या उपाशी राहिल्या.

"मी आदी जाणार आसंन, तर तिला दुसऱ्या हाताची सवय लावाय पायजे," ते म्हणाले. "त्याला येळ लागतो. माझ्याकडं येळ हाय का, येवढंच सांगा."

मला वाटलं, मॅडम आता "पुढचा फोटो लाव" म्हणतील. त्या खुर्चीतून उठल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"फुप्फुसात गाठ आहे. कॅन्सरची दिसतेय. यकृतात गेलीये. नक्की दिवस मला सांगता येणार नाहीत, पण वर्ष धरू नका. आजपासून सवय लावा."

आवाज तोच, सपाट. गुणवंतराव हलले नाहीत. छाती फुगलेली, नजर समोर. मॅडमनी क्षणभर बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "श्वास सोडा."

त्यांनी सोडला. "रिपोर्ट मिळाला," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी स्वप्नील आला, रडला, ओरडला. मोठे डॉक्टरही नको नको ते बोलले. मॅडम "हो, मी सांगितलं," एवढंच म्हणत राहिल्या. घरी जाताना मी विचारलं, "वाईट वाटलं का?" म्हणाल्या, "काही वाटत नाही गं मला. तेच तर वाईट आहे." आता मला त्यांचा राग येईना. दया आली.

दिवाळीनंतर गुणवंतराव परत एक्स-रेला आले. शर्ट खांद्यावरून घसरत होता, पण बूट चकचकीत. मॅडम बाहेर आल्या. म्हातारा सावधानमध्ये गेला.

"मॅडमसाहेब, रिपोर्ट द्यायचाय. काल शेवंता हंसाच्या हातनं जेवली. वाटीभर खिचडी. मी दाराआड हुबा व्हतो."

"अहो, छानच झालं की!" मी म्हणाले.

"व्हय, झालं." त्यांची नजर बुटांवर गेली. "पर येवढ्या लवकर शिकंल, आसं वाटलं न्हवतं."

स्टीवन पुढे झाला, तर मॅडमनी त्याला हातानेच थांबवलं. स्वतः गुणवंतरावांना प्लेटपाशी नेलं, खांदे धरून नीट उभं केलं. काचेच्या आड येऊन म्हणाल्या, "श्वास घ्या. रोखा." बटण दाबलं.

फोटो निघाला. मॅडमनी तोंड उघडलं, पण शब्दच बाहेर येईना. डोळे भरून आले होते. काचेपलीकडे गुणवंतराव मान ताठ करून थांबलेले. मी बोलणार होते, स्टीवनही बोलणार होता. पण म्हाताऱ्याने आमचं ऐकलं नसतं. रोखायचा हुकूम ज्याने दिला, सोडायचाही त्यानेच द्यायचा असतो.

मॅडमनी पदराने तोंड पुसलं आणि रडत रडत, साऱ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "सोडा!"