चेअरमनसाठी दुसरा निवद

उग्र अत्तराचा वास आला की मला कृष्णेचा घाट आठवतो. चुलत्याच्या रक्षाविसर्जनाला निवद ठेवला आणि लगेच कावळा शिवला. जीव कशात अडकला नव्हता म्हणून चुलतीनं डोळे पुसले. तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन अत्तराच्या घमघमाटात गाडीतून उतरले. त्यांचा कार्यकर्ता ओरडला, "दुसरा निवद ठेवा रं, सायबांचं भाषण ऱ्हायलंय!" ठेवला. निवदाशेजारी उभं राहून चेअरमन स्वतःचीच कामं सांगत सुटले. कावळे झाडावरून हलेनात. लोक कुजबुजले, "जीव अडकलाय." चुलती कडाडली, "आवं चेअरमन, तुमी बाजूला व्हा, मग शिवंल कावळा!" ते ढिम्म. पुढं मी लय चेअरमन पाहिले. त्यांच्यापेक्षा कावळा बरा. पोट भरलं की जागा तरी सोडतो.