गार गाडीचा मिस्त्री

"गरम इंजिन खोटं बोलतं, भाऊ," असं म्हणत तो बॉनेटवर पालथा हात ठेवायचा. तळवा म्हणे कामानं जाड झालेला, त्याला ऊन-गार कळत नाही. गाडी जरा जरी कोमट लागली की पान्ह्यांची पिशवी उचलून चालता व्हायचा.

श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या गावात रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज. सगळे त्याला नुसतं मिस्त्री म्हणत. तुमच्याही गावात असा एखादा असेल, गिऱ्हाईक मागं लागलेलं आणि हा आपल्याच तंत्रात. गाडी सकाळी नीट चालत नाही म्हणून कुणी ती चालवत त्याच्या दारात आणली, तर ताप उतरल्यावर डॉक्टरकडं आलास का, असं विचारून परत पाठवी. मग दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता स्वतः त्याच्या घरी जाई. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू होताना ऐकायची, हीच त्याची तपासणी.

मी कारखान्यात टाइमकीपर होतो. निवृत्त झाल्यावर एक जुनी पेट्रोल गाडी घेतली आणि थंडी पडताच तिनं रंग दाखवले. सकाळी सुरू केली की थडथडायची, आचके द्यायची, गिअर टाकला की बंद. दहा मिनिटं तापली की शहाण्यासारखी चालायची. एरवी मी तेवढं चालवून घेतलं असतं. पण लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले आणि दवाखाना श्रीगोंद्याला. पहाटेच्या गारठ्यात कळा सुरू झाल्या तर? या विचारानं मला जेवण जाईना.

मिस्त्री उजाडता आला, हात ठेवला आणि म्हणाला, गरम आहे. मी म्हटलं, शक्यच नाही. मी पाचला उठून कालव्यावर फिरायला जातो, आत्ताच परत आलोय, गाडीला कुणी हात लावलेला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. तुमचा हातच बिघडलाय, असं मी तोंडावर सांगितलं. त्यानं माझा हात धरून बॉनेटवर ठेवला. खरंच कोमट होतं. मी चक्रावलो. उभी गाडी आपोआप तापते का? शेजाऱ्याचा संशय घेऊन झाला, उन्हाचा घेऊन झाला, पण ऊन अजून आलंच नव्हतं. बायकोला विचारायचं मात्र सुचलं नाही. तिला गाडी चालवता येत नाही, तिचा काय संबंध?

मिस्त्री म्हणाला, भाऊ, चावी माझ्याकडं द्या, उद्या मीच घेऊन येतो. चावी एकच होती, ती मी दिली. बायको चहा घेऊन आलेली, ती कपबशी हातात धरून तशीच उभी राहिली.

आणि नेमक्या दुसऱ्याच पहाटे लेकीला कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली. शेजारची जीप लग्नाला. आमची गाडी दारात, चावी मिस्त्रीच्या खिशात आणि मिस्त्री फोन उचलेना. तेवढ्या वेळात मी त्याला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. तेव्हा बायको रडत म्हणाली, "रोज मीच चालू करून बघत हुते. नडीला निघंल का न्हाई म्हनून." चावी फिरवायला तिला लेकीनंच शिकवलं होतं. आता रागवायचं कुणावर, हेच मला समजेना.

पाऊण तासानं त्यानं फोन उचलला. मिस्त्री आला तो मोटारसायकल अंगणात आडवी टाकूनच. चावी फिरवली, गाडी आचके देऊ लागली. लेक मागच्या सीटवर कण्हत होती आणि हा बॉनेट उघडून ऐकत उभा! मी ओरडलो. त्यानं हात वर करून मला गप्प केलं, एका वायरचं टोक उपसलं आणि इंजिन एकदम सुरात आलं. गाडी त्यानंच चालवली. वाटेत हळूहळू सांगत होता, की इंजिनाच्या पाण्याची गर्मी मोजणारा सेन्सर बिघडलाय, तो गार इंजिन गरम आहे म्हणून सांगतो, मग पेट्रोल कमी पडतं. वायर काढली की गाडी आपल्या अंदाजानं पेट्रोल घेते. मला निम्मंच कळलं. मी नुसता हो हो करत मागं बघत होतो.

पोचल्यावर अर्ध्या तासात नात झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडक्यात निभावलं, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री नवा सेन्सर बसवून गेला, घरात पाऊल न टाकता. बारशाला मात्र धुतलेला सदरा घालून आला. पंगतीला बसण्याआधी लेकीपुढं उभा राहिला.

"पोरी, त्या दिशी चावी माज्या खिशात हुती. माफ कर."

लेक म्हणाली, "काका, तुम्ही होता म्हणून तर पोचलो."

"न्हाई," तो म्हणाला, "निभावलं म्हनून चूक बरुबर हुत न्हाई." आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं.

मी काहीच बोललो नाही. त्याच्या खिशात चावी नसती तर आम्ही पाऊण तास आधी निघालो असतो. पण त्या आचके देणाऱ्या गाडीनं मी पोचलो असतो का? याला शिव्या द्याव्यात की याचे पाय धरावेत? विचार करत मी वाढायला गेलो आणि तो जेवून निघून गेला.

त्यानंतर तो आमच्या दाराकडं फिरकला नाही. दीड वर्षानं वारला. मला अजून काही ठरवता आलेलं नाही, पण त्याला काय ठाऊक? त्याला वाटलं असणार, भाऊनं माफ केलं नाही.