राजपार्टी आणि नऊशे पानांचं युद्ध

दत्तप्रसाद परब दिवसा धारगळ भागात शाळेचा बालरथ, म्हणजे मुलांची बस, चालवतात आणि दशावताराच्या हंगामात राजे होतात. पेडण्याच्या एका मंडळात ते राजपार्टी, म्हणजे राजाची कामं करणारे नट, आहेत. दशावतारात छापील संवाद नसतात. नट तोंड रंगवायला बसले की कथानक ठरतं, बोलणं ज्याचं त्याने रंगमंचावर घडवायचं. परबांचं बोलणं ऐकायला लोक नदीपलीकडच्या आरोंद्याहून पूल ओलांडून येतात. मुकुट डोक्यावर असताना ते कुणापुढे निरुत्तर झाल्याचं कुणाला आठवत नाही.

मार्चमध्ये डिचोलीत संयुक्त दशावतार ठरला. संयुक्त म्हणजे निरनिराळ्या मंडळांतले नावाजलेले नट एकाच खेळात, म्हणून भूमिका आधी ठरवाव्या लागतात. आयोजक कृष्णनाथ गावस यांनी परबांना वज्रसेन राजाची भूमिका देऊ केली. वज्रसेन शब्दातही हरतो आणि युद्धातही, तेही सावंतवाडीकडचा नट विशाल राऊळ याच्याकडून. विशाल परबांच्या निम्म्या वयाचा. समोर परबांच्या गावाहून आलेले लोकही बसणार होते. परबांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. "बघतंय," एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांची मुलगी समीक्षा पणजीच्या ग्रंथालयातून एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. सुपरहिरोंचं कॉमिक, नऊशेच्या आसपास पानं.

"ह्या पुस्तक काय पाटो?" तिची आई सुविधा म्हणाली. "वाटाप वाटूक येतला."

समीक्षाने वडिलांना समजावलं. यातला प्रत्येक हिरो एरवी आपल्या स्वतंत्र मासिकात असतो. एकदा सगळ्यांवर मिळून संकट आलं. ती गोष्ट तेव्हा कितीतरी मासिकांत विखुरली होती, आता एकत्र बांधून काढली आहे.

"म्हणजे संयुक्त," परब म्हणाले, आणि पुस्तक पुढ्यात ओढलं.

पोरांना शाळेत सोडल्यापासून परत आणायला निघेपर्यंत ते वाचत राहिले. इंग्रजी सावकाश लागत होतं, अडलं की समीक्षाला विचारत. प्रत्येक चित्रकाराने आपापला हिरो आयत्या वेळी बोलता केला असणार, असं ते धरून चालले होते.

"नाय बाबा. कोण कधी बोलतलो, ता सगळा आधी लिहून ठरवतत."

"इतक्या राजांका गप कोणी बसयल्यान?"

समीक्षाने पान उलटलं.

मग ते दोन पानं मिळून असलेल्या एका चित्रापाशी आले. मोडलेलं शहर, वर फाटलेलं आभाळ, आणि त्या फटीकडे झेपावणारे शेकडो हिरो. एकाचा वेश दुसऱ्यासारखा नव्हता, तरी कुणाचा रंग कुणाला खात नव्हता. उभा जन्म तोंडाला रंग लावलेला हा माणूस त्या चित्रावर हात ठेवायला धजला नाही. चहा निवला. सुविधाने दोनदा हाक मारली.

चित्राच्या खालच्या कोपऱ्यात एकजण धरणाची कोसळती भिंत पाठीवर पेलून उभा होता. पुढच्या प्रकरणात तीच लढाई दुसऱ्या हिरोच्या बाजूने दाखवली होती. तिथेही तो मागे होता, अंगठ्याएवढा. तिसऱ्या प्रकरणातही. परब पानं मागेपुढे करत राहिले.

"हो अजून धरून उबो आसा," ते हळू आवाजात म्हणाले. "कोण हो?"

"ह्याचाच मासिक सगळ्यात जास्त खपता."

"आणि हेका एक वाक्य नाय?"

"ह्या युद्धात नाय."

परबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पहिल्या चित्रावर आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कृष्णनाथना फोन केला. "वज्रसेन करतंय."

"दत्तबाब, हरतलस मरे? स्टेजार गेल्यार जिंकान येशीत," कृष्णनाथ म्हणाले. धास्ती खरी होती. संवाद लिहिलेले नसले की हरणाऱ्या राजाला कोण अडवणार?

डिचोलीच्या देवळापुढचं पटांगण भरलं होतं. रंगमंचावर सिंहासन म्हणून एक बाकडं मांडलं होतं. विशालने सुरुवात चांगली केली. भर दरबारात त्याने वज्रसेनाच्या कुळाची निंदा केली आणि पुढचं वाक्य त्याला सापडेना. पखवाजवाल्याने एक तुकडा वाजवून वेळ भरली. लोक सरसावून बसले. आता परब या पोराला उभा चिरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. परबांच्या जिभेवर उत्तर होतं, हे त्यांनी नंतर मान्य केलं.

ते बोलले नाहीत. तलवार टेकून विशालकडे बघत राहिले. पखवाज पुन्हा वाजला.

"शब्द सरले तुझे, वज्रसेना?" विशालचा आवाज आधी कापला, मग चढला. "मग मरण तरी राजासारखं घे."

टाळ्यांमध्ये झांज ऐकू येईना. युद्ध झालं आणि परब पडले. पेडण्याहून आलेल्या माणसांनीही टाळ्या वाजवल्या.

रंग उतरवताना विशाल त्यांच्या पाया पडला. "काका, तुमी बोललां असतात तर मी थयच संपलंय असतंय."

"ता ऱ्हवांदे," परब कंबर चोळत म्हणाले. "माका मारशीत तेवा आधी बाकडा बाजूक कर. थेट त्याच्यार पडलंय."