सुलतानबीच्या नावावरचं घर

भूकंपात सुलतानबीचा नवरा गेला, सासू गेली, घर मातीला मिळालं. औशाकडच्या त्या गावात उरली ती आणि कडेवरची लेक लायबा. पत्र्याच्या शेडमध्ये दोघी दिवस काढत होत्या. मदतीचे ट्रक यायचे, वरून कपडे फेकले जायचे, खाली माणसं एकमेकांवर पडायची. सुलतानबी कधी गेली नाही. असं झेलायला तिचा हातच पुढं होईना.

एका ट्रकाबरोबर ठाण्याच्या मिल्काबाई वाक्रूळकर आल्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांनी फेकाफेक थांबवली, सतरंज्यांवर कपडे मांडायला लावले. "ज्याचं त्यानं निवडून घ्यावं," म्हणाल्या. मग शेडमध्ये येऊन सुलतानबीजवळ टेकल्या.

"तुमी कोन लोकं, बाई?"

"आम्ही यहुदी, बेने इस्राएल. मूळचे कोकणातले. तेल गाळायचो, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे."

"म्हंजे मुसा पैगंबराचे?"

"हो. आम्ही मोशे म्हणतो. आणि देण्याला म्हणतो त्सेदाका."

सुलतानबी कितीतरी दिवसांनी हसली. "आमच्यात सदका!"

"मग बहिणीच की दोघी. आमच्या शब्दाच्या मुळात न्याय आहे गं. दया आली म्हणून द्यायचं नाही. समोरच्याचा हक्क आहे, म्हणून द्यायचं. माणूस कुठल्या मुलखाचा, कुठल्या धर्माचा, ते बघायचं नाही."

हक्क हा शब्द ऐकला आणि सुलतानबीनं कुणाला न सांगितलेलं सांगून टाकलं. "सरकारी घर मिळनार हाय, ते दीर आपल्या नावावर करून राहिला. बाईला घर कशाला, म्हनतो."

दुसऱ्याच दिवशी मिल्काबाई तिला तहसीलला घेऊन गेल्या. कारकून म्हणाला, दिराला पाठवा. मिल्काबाईंनी आवाज चढवला नाही. लायबाला मांडीवर घेऊन बाकावर बसल्या. "साहेब भेटेपर्यंत आम्ही इथंच." साहेब भेटले. गावचे हणमंतराव साक्षीला उभे राहिले, "पडलेलं घर हिच्याच नवऱ्याचं व्हतं, म्या सांगतो." नवं घर सुलतानबीच्या नावावर झालं. दिरानं बोलणं टाकलं. पुढं लायबाच्या निकाहात मात्र आला, पोटभर जेवला.

लायबा शाळेत असतानाच लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. सुलतानबीनं घर भाड्यानं दिलं, क्लासेसच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन मुलींची मेस काढली. उमरीच्या, लोह्याच्या, उदगीरच्या पोरी जेवायला बसू लागल्या. ज्यांच्या घरी पैसे भरायची ऐपत नव्हती, त्यांचंही ताट तेच, पंगतही तीच. त्या कोणत्या, हे भाकरी थापणाऱ्या पार्वतम्मालाही कधी कळलं नाही.

एका उन्हाळ्यात मिल्काबाई आल्या. थकल्या होत्या. सुलतानबीनं वांगं-भाकरी वाढली आणि समोर बसून राहिली.

"तुमच्यामुळं, बाई..."

"घर तुझंच होतं गं."

"हाव. पन मला तसं कुनी सांगितलं नव्हतं."

मिल्काबाईंनी तिचा हात धरला. तेवढ्यात क्लास सुटला, पोरींचा घोळका जिन्यात आला. "बस, आज मी वाढते," म्हणत मिल्काबाईंनी पदर खोचला.