पाणी प्यालेलं पातं

सकाळीच मामीचा फोन आला. "सुहास, मामा गेले रे…" आणि मग, "येशील तेव्हा खुर्च्यांवरच्या त्या वस्तूचं काय करायचं ते तूच ठरव." ती वस्तू म्हणजे मामीच्या जेवणाच्या दोन खुर्च्यांवर आडवा ठेवलेला लाकडी प्रोपेलर. तो तिथे आला होता माझ्यामुळे. त्या फोनला पाच आठवडे झाले, पण मामांबद्दल लिहायला बसलो की सुरुवात तिथूनच होते.

मामांची सगळी नोकरी जर्मनीत, र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात झाली. निवृत्त झाल्यावर ते रंधा घेऊन केलरमध्ये, म्हणजे तळघरात, उतरले. गावाबाहेरची काही हौशी मंडळी अगदी सुरुवातीच्या काळातलं एक विमान जुन्या नकाशांवरून पुन्हा बांधत होती. त्याचा प्रोपेलर मामांकडे. अक्रोडाच्या फळ्या सरसानं एकावर एक चिकटवायच्या आणि मग महिनोन् महिने तासायचं. मी न्युरेम्बर्गचा आयटीवाला, मला सगळे पंखे सारखेच. मामा समजावायचे, "टोक एका फेरीत किती लांब पळतं बघ. म्हणून तिथे पीळ कमी, मध्याजवळ जास्त. गेनाऊ, अगदी नेमकं! हे त्या लोकांनी कागद-पेन्सिलीनं काढलं. तू लॅपटॉपवर नुसती मीटिंग लावली असतीस." खरंच लावली असती.

गेल्या वर्षी पानगळीच्या दिवसांत मामा यकृताच्या दुखण्यानं हॉस्पिटलात होते. त्याच वेळी आमचा उमत्सुग निघाला. घर बदलताना उरलेली खोकी मामांच्या केलरमध्ये ठेवायची ठरली. जागा होईना, म्हणून आडवा ठेवलेला प्रोपेलर मी भिंतीला टेकवून उभा केला. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश, की मामांना फोटोही पाठवला: बघा, किती जागा झाली! तो त्यांनी पाहिलाच नव्हता.

दोन महिन्यांनी घरी आल्यावर त्यांनी मधल्या भोकात दांडा घालून प्रोपेलर तोलायला लावला. एक पातं सावकाश खाली गेलं… पुन्हा लावला, पुन्हा तेच. लाकूड उभं राहिलं की ओल खाली उतरते, खालचं पातं जड होतं. तसाच फिरवला तर विमान खिळखिळं करेल.

"पाणी झालंय," मामा स्वतःच्या फुगलेल्या पोटावर हात ठेवून म्हणाले. "दोघांनाही. माझं सुईनं काढतात, ह्याचं तसं निघत नाही."

"दुसऱ्या पात्याला जास्त वार्निश लावलं तर?"

"आज तोल साधेल. पाणी सुकलं की उलटा बिघडेल. वाट बघायची, बास."

त्यांना तो विमानावर फिरताना एकदा ऐकायचा होता, एवढंच. आणि वाट बघायला वेळ माझ्याकडे होता, त्यांच्याकडे नव्हता. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग प्रोपेलर केलरमधून वर कोरड्या खोलीत आला. "अहो, माणसांना बसायला खुर्ची नाही, आणि हा बघा कसा लोळतोय," मामी म्हणायची. "आजाऱ्याला आजाऱ्याची सोबत," मामा म्हणत. दर रविवारी मी तो तोलायला लावायचा आणि मामांनी पलंगावरून बघायचं. "खाली बोट धर रे, आपटेल." पातं बोटावर टेकायचं, दर खेपेला थोडं हलकं. शेवटच्या रविवारीही टेकलंच.

परवा रविवारी मामीकडे गेलो. तिनं दांडा आणून दिला. पलंगावर धुतलेली चादर होती. मी प्रोपेलर चढवला, आडवा केला, सोडला, आणि सवयीनं त्या पात्याखाली बोट धरून उभा राहिलो. बराच वेळ उभा राहिलो… बोटाला काहीच लागलं नाही.