कीकीचा रकाना

पाउलिआसी मास्तरांना इंग्रजी येतं, हे टोंगा देशातल्या हाआपाई बेटांवरच्या त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मास्तर ते कोणाला विसरू देत नसत. शाळेत शिकवताना, रविवारी चर्चमध्ये उपदेश करताना मधेच एखादा इंग्रजी शब्द टाकून ते थांबायचे, लोकांनी कौतुकानं बघावं म्हणून. त्यांची बायको तेलेसिया त्या वेळी छताकडे बघायची. चटया विणणाऱ्या बायकांत तिच्या जिभेची धास्ती होती, आणि त्या जिभेला रोजचं खाद्य मास्तरच पुरवायचे.

न्यूझीलंडहून डॉक्टर ब्रॉडीबाई आल्या तेव्हा तर मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. धडधाकट पुरुष पन्नाशीच्या आत छाती धरून का मरतात, हे बाईंना शोधायचं होतं. रक्त, वजन, रक्तदाब झाला की सहा पानी प्रश्नावली. ती टोंगन भाषेत केली मास्तरांनी. 'काल कायकाय अन्न खाल्लंत?' अन्न म्हणजे मेआकाई. कोशात बघा, शब्द बिनचूक.

फक्त कोशाला भूक लागत नाही. आमच्याकडे मेआकाई म्हणजे कोनफळ, रताळी, अळकुड्या, पोट भरतं ते. त्याच्या जोडीला मासा, मांस, डब्यातलं बीफ असतं, ती कीकी. कालवणाला कोणी भात म्हणतं का? तसंच हे. गावानं अगदी देवाला स्मरून खरं सांगितलं. काल काय खाल्लं? कोनफळ. परवा? कोनफळ आणि रताळी. बोटीनं गोठून येणारी सिपी, म्हणजे मेंढीच्या पोटाकडची चरबीची पट्टी, दर रविवारी अळूच्या पानांत नारळाच्या दुधासकट गुंडाळून भट्टीत जायची आणि घराघरात फस्त व्हायची. कागदावर तिचा मागमूस नाही.

तेलेसियाला चूक पहिल्याच दिवशी कळली होती. ती बोललीही. मास्तरांनी विचारलं, तुला इंग्रजी येतं का? झालं. मग तिनंही तोंड मिटलं आणि तीन वर्षं चटईवर बसून बायकांबरोबर या शहाण्यांची टिंगल केली. ब्रॉडीबाईंचा अहवाल आला की हे लोक कंदमुळांवर जगतात, तेव्हा दोष रक्तातच असावा. सरपंच तो दोष पदक मिळाल्यासारखा मिरवायला लागला. त्या दिवशी बायका हसून हसून आडव्या झाल्या.

मग एका रविवारी चर्चहून परतताना मास्तर फणसाच्या झाडाला टेकले. छातीवर हात, अंगाला घाम. म्हणे गॅस झाला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच झाड, पुन्हा गॅस. तेलेसियाचं हसू तिथंच आटलं. तिनंच त्यांना दंडाला धरून ब्रॉडीबाईंपुढे नेऊन बसवलं.

हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत, राजधानीच्या इस्पितळात जावं लागेल, असं बाई म्हणाल्या. मग मास्तरांचे कागद चाळून बुचकळ्यात पडल्या. यांचं खाणं तर आदर्श आहे. त्यात बदल काय सांगणार? मास्तरांनी हे टोंगनमध्ये करून सांगितलं, तेही जरा ऐटीत. अशा माणसाला काय म्हणावं?

तेलेसिया उठली. मास्तरांनी ओळखलं.

"गप्प बस. तीन वर्षांचं काम आहे. माझी लाज जाईल."

"लाज राहील, मास्तर. तुम्ही राहणार नाही."

तिनं बाईंचं मनगट धरलं, थेट घरामागच्या चुलीपाशी नेलं आणि हंड्यावरचं झाकण काढलं. वर बोटभर चरबी तरंगत होती. हे काय, बाईंनी मोडक्यातोडक्या टोंगनमध्ये विचारलं.

"कीकी. तुम्ही मेआकाई विचारलंत."

ब्रॉडीबाई नारळ खवायच्या पाटावर मटकन बसल्या. इतकी शिकलेली बाई, तीन वर्षं गावात राहिली, गावात जेवली, आणि लिहीत बसली रताळी. मग त्यांनी पिशवीतून पट्टी काढली, कागदावर उभी रेघ मारून नवा रकाना केला आणि पहिलं नाव पाउलिआसी मास्तरांचं घातलं.

मागोमाग आलेले मास्तर जमिनीकडे बघत सांगू लागले. सकाळी डब्यातलं बीफ. दुपारी सिपी. रात्री उरलेली सिपी. रविवारी दोन्ही दुप्पट. बाईंनी विचारलं, चरबी काढून टाकता का?

मास्तरांनी मान वर केली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चारचौघांत बायकोचं कौतुक केलं.

"काढेन कशी? सगळ्यांत जाड काप ही मलाच वाढते. एवढ्या वर्षांत एकदाही चुकली नाही."

बाईंनी ते लिहून घेतलं. तेलेसियाच्या हातात हंड्याचं झाकण तसंच होतं. तिनं ते हळूच हंड्यावर परत ठेवलं.